प्रोपेनवाली बर्निशर: दीड वर्ष वापरून झाली

न्यू जर्सीत रात्रीचं फ्लोअरचं काम करतो. दोन मोठी किराणा दुकानं आहेत, सगळी व्हीसीटी टाइल, म्हणजे विनाइलची फरशी. आधी वायरवाली २० इंची बर्निशर (जोरात पॅड फिरवून फरशी चमकवणारी मशीन) होती, म्हणजे एक हात मशीनवर, एक हात वायर सावरायला, रॅकांमधल्या दर गल्लीत प्लग शोधा, त्यात कॉफी मशीनच्या लाइनवर लावली की ब्रेकर उडालाच म्हणून समजा. वैतागून दीड वर्षापूर्वी ही प्रोपेनवाली घेतली, सेकंडहॅण्ड, २७ इंची, १७ हॉर्सपॉवरचं इंजिन.

पहिल्याच रात्री फरक कळला राव. डस्ट मॉप आधी नीट मारायचा आणि मग नुसतं चालत सुटायचं, मागे वळून बघावं तर ट्यूबलाइट फरशीत दिसतेय. चार तासांचं काम दोनात. खांबाच्या कडेला मात्र ही बया वळत नाही, तिथे अजून जुनीच काढतो.

सिलेंडर २० पौंडी, म्हणजे ९ किलो, आपल्या घरच्या १४.२ किलोच्या लाल टाकीहून लहान. आणि इथला गॅस बहुतेक प्रोपेनच, आपल्याकडे ब्युटेन मिसळलेलं असतं तसं नाही. बार्बेक्यूची टाकी लावू का, असं माझ्या हाताखालच्या पोराने विचारलं होतं, अजिबात नाही, मशीनची टाकी वेगळी येते. काम संपलं की टाकी बाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यात, दुकानात ठेवायची नाही.

आता खरी गोष्ट. टाकी ८० टक्केच भरायची असते, वर गॅसला जागा लागते. मार्चमध्ये एका ठिकाणी भरणाऱ्याने ठासून भरून दिली, मीही बघितलं नाही. लिक्विड रेग्युलेटरपर्यंत गेलं, इंजिन खोकायला लागलं, आणि मी येडा, गरम झालं की होईल नीट म्हणून रेटत राहिलो. तासाभराने पोरगा म्हणतो, काका डोकं जड झालंय. कमरेचा, इंजिनच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर बघतो तर ९० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ९०)! ओशाची, म्हणजे इथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याची, आठ तासांची सरासरी मर्यादा ५० आहे. मशीन बंद केली, दोन्ही दारं सताड उघडली आणि थंडीत कुडकुडत पार्किंगमध्ये बसलो. गॅसचा वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, त्यामुळे नाकावर विसंबू नका, मीटर घ्या, आणि इंजिनचं ट्यूनिंग एक्झॉस्ट (इंजिनचा धूर) तपासणाऱ्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

छोटं दुकान, बसकं छत, हवा खेळत नाही, तर घेऊच नका, बॅटरीवाली बघा. मोठ्या फ्लोअरला मात्र हिला तोड नाही.

पाचपैकी चार स्टार. एक आवाजासाठी कापला, कानात प्लग घालूनसुद्धा सकाळी घरी आलो की बायकोशी ओरडूनच बोलतो.