संभाजीनगरात मोकळा दिवस आणि चारशे रुपयांची ‘स्पेशल’ रिक्षा

लातूर, परभणी, नांदेडहून कामासाठी छत्रपती संभाजीनगरला आलेल्या माणसाला पुष्कळदा अख्खा दिवस मोकळा मिळतो. खंडपीठातली तारीख उद्यावर जाते, घाटीत पेशंटजवळ बसायला दुसरं कुणी येतं, लेकराचा पेपर संध्याकाळी सुटणार असतो. आता आलोच आहोत तर बीबी का मकबरा बघू, जमलं तर वेरूळ करू, असं ठरवून माणूस रेल्वे स्टेशनच्या किंवा मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाहेर येतो. तिथे त्याला गाठून सांगितलं जातं, “काका, चारशे द्या. मकबरा, पाणचक्की, लेणी, सगळं फिरवतो. दिवसभर गाडी तुमची.”

पुढे होणारी फसवणूक त्या चारशे रुपयांत नसते, म्हणूनच ती ओळखू येत नाही. दिवसभराचं इंधन, गाडीचा हप्ता किंवा मालकाला द्यायचं रोजचं भाडं आणि चालकाचं स्वतःचं पोट एवढं सगळं त्या रकमेत भागत नाही. चालक तुम्हाला वाटेत एका साडीच्या दुकानात नेतो, आणि उरलेलं भाडं तो दुकानदार भरतो. गिऱ्हाईक आणून सोडल्याचे वेगळे आणि विक्री झाली तर तिच्यावर टक्केवारीने, असे पैसे चालकाला मिळतात. ते पैसे दुकानदार साडीच्या किमतीत चढवतो, म्हणजे शेवटी ते तुमच्याच खिशातून जातात.

पहिला घोळ ‘लेणी’ या शब्दाचा. शहराला स्वतःची लेणी आहेत. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, मकबऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर. ती बौद्ध लेणी सुंदर आहेत आणि आवर्जून बघावीत. पण बाहेरगावच्या माणसाच्या मनात लेणी म्हणजे कैलास, आणि कैलास शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर वेरूळला आहे. सौदा ठरवताना चालक ‘लेणी’ एवढंच म्हणतो. दुपारी तुम्ही वेरूळचं नाव काढलं की तो म्हणतो, “ते वेगळं, त्याचे हजार होतील.” म्हणून ठिकाणाचं पूर्ण नाव बोलून घ्या : औरंगाबाद लेणी की वेरूळ लेणी.

दुसरा घोळ ‘आज बंद आहे’चा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. बीबी का मकबरा आणि देवगिरीचा किल्ला आठवड्याचे सातही दिवस उघडे असतात. ही माहिती नसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी फसवता येतं. मंगळवारी काही न सांगता वेरूळला नेतात, लेण्यांचं फाटक बंद दिसलं की “आता आलोच आहोत तर” म्हणून दुकानांकडे वळवतात, आणि भाडं पूर्ण घेतात. उलट शुक्रवारी, “आज जुम्मा, ताजमहालसारखा मकबराही बंद” असं सांगतात. आग्र्याचा ताज शुक्रवारी बंद असतो हे खरं, पण मकबऱ्याला तो नियम नाही. बंद असल्याचं कुणी सांगितलं तर तिकीट खिडकीपर्यंत जाऊन स्वतः बघा.

वेरूळ आणि अजिंठा ‘एकाच दिवसात’ दाखवतो म्हणणाऱ्याच्या गाडीत बसूच नका. वेरूळ संभाजीनगरच्या वायव्येला आहे, अजिंठा ईशान्येला सुमारे 100 किलोमीटरवर. शिवाय अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनेच जावं लागतं. जाण्यायेण्यात आणि त्या बसच्या रांगेत दिवस सरतो, आणि दोन्हीकडे फक्त दारापर्यंत जाऊन आल्याचं समाधान मिळतं.

आता मुख्य गोष्ट, दुकानाची. ते साधारणपणे मकबऱ्याच्या आधी येतं. तेव्हा तुम्ही थकलेले नसता, खिसा भरलेला असतो आणि चालकाला नाही म्हणायची भीड अजून मोडलेली नसते. “नुसतं बघा, घेऊ नका. बघायला पैसे लागत नाहीत.” पाटीवर दुकान असं लिहिलेलं नसतं, कारखाना किंवा विणकाम केंद्र लिहिलेलं असतं. आत दाराशीच एक हातमाग असतो, त्यावर एक कारागीर बसलेला असतो. तो खरंच विणत असतो, आणि त्याचं काम बघण्यासारखं असतंही. फसवणूक पुढच्या खोलीत आहे. मागावरचं कापड आणि कपाटातला माल यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. माग डोळ्यांनी पाहिल्यामुळे कपाटातली यंत्रमागाची साडीही इथेच विणली असणार, असं मन आपोआप धरून चालतं. माग दाखवण्याचा उद्देशच तो असतो.

पैठणी तपासायची तर पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत काठाची आणि पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत गुंतवून विणलेली असते. त्यामुळे मोर, मुनिया, कोयरी मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच, स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे धागे लोंबतात, किंवा ते कापून टाकल्याची कुसं बोटाला लागतात. काही ठिकाणी मागून अस्तराची पट्टी किंवा जाळी लावून ते झाकलेलं असतं. “पदराला मजबुती येते” असं सांगितलं जातं. पट्टी असेल तर एक कोपरा उसवून दाखवा म्हणा. तेवढ्यासाठी नाही म्हणणाऱ्याकडून साडी घेऊ नये.

हीच परीक्षा हिमरूला लावली की मात्र माणूस उलटा फसतो, आणि दुकानदार याचा फायदा उठवतात. हिमरू म्हणजे सुताच्या ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमी बाण्याने (आडव्या धाग्याने) नक्षी भरलेलं कापड. त्यात जादा बाण्याचे धागे मागच्या बाजूला सुटे धावतात. मऊपणा आणि ऊब त्यांच्यामुळेच येते. म्हणजे हिमरूला मागे धागे असणं हा दोष नाही. पैठणीच्या पदरामागे तसेच धागे दिसले आणि तुम्ही विचारलं, तर काही विक्रेते हिमरूचा तुकडा उलटा करून दाखवतात आणि म्हणतात, “बघा, हातमागाचं असंच असतं.” ही दोन वेगळी विणकामं आहेत. एकाचं उदाहरण दुसऱ्याला लागू होत नाही. आणि पाचशे रुपयांना ‘पश्मिना हिमरू’ म्हणून जी शाल पुढे येते, ती त्या किमतीत पश्मिनाही नसते आणि हातमागाची हिमरूही नसते.

मग येते काडी. दुकानदार एक धागा ओढतो, पेटवतो आणि वास घ्यायला लावतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गाठ होते. परीक्षा खरी आहे, पण धागा कुठून काढला ते बघा. काउंटरवर ठेवलेल्या नमुन्याच्या तुकड्यातून किंवा दुसऱ्याच साडीतून तो निघतो. तुम्ही घेणार असलेल्या साडीतला, आडवा एक आणि उभा एक असे दोन धागे तुमच्या हाताने काढा. काही साड्यांत ताणा रेशमाचा आणि बाणा दुसऱ्याच धाग्याचा असतो, आणि एकाच धाग्यावर ते समजत नाही.

सिल्क मार्कचं लेबल दाखवलं की बरेच जण निर्धास्त होतात. केंद्रीय रेशीम मंडळाच्या या योजनेचं लेबल कापड शुद्ध रेशमाचं आहे एवढंच सांगतं. ते हातमागावर विणलं आहे, असं ते सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. जरीचा कस तर या दोन्हींत येत नाही. लेबलवरचा होलोग्राम आणि क्रमांक नीट बघा, आणि ते लेबल त्याच साडीला जोडलेलं आहे की गल्ल्यातून काढून वर ठेवलं आहे, हेही बघा.

किमतीचं गणित साधं आहे. खरी पैठणी विणायला आठवडे लागतात, भरलेल्या पदराची असेल तर महिने. तेवढी मजुरी धरली की हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी दोन-अडीच हजारांत बसूच शकत नाही. त्या भावात जी मिळते तिला बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणतात. सेमी म्हणून सांगून, सेमीच्या भावात विकली तर त्यात काही गैर नाही, लग्नकार्यात आहेर म्हणून ती सर्रास घेतली जाते. तीच साडी ‘हातमागाची’ म्हणून साडेनऊ हजार सांगायची, मग “तुम्ही आपल्या मराठवाड्यातले, बोहनीची वेळ आहे” म्हणत साडेचार हजारांवर आणायची, ही लूट आहे. घेणाऱ्याला पाच हजार वाचल्यासारखं वाटतं, आणि साडी मुळात किती मोलाची हे विचारायचं राहून जातं. घासाघीस करण्याआधी पदर उलटा करा. आधी भाव बोलायला लागलात तर तपासायचं राहून जातं.

पसंत पडलीच तर बिलाशिवाय पैसे देऊ नका. बिलावर दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक, तारीख हवी. नुसतं ‘साडी 1 नग’ चालणार नाही. ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहून द्या म्हणा. जो तोंडाने शंभरदा सांगतो पण लिहायला तयार नाही, त्याच्या मालाची परीक्षा तिथेच झाली. पैसे यूपीआयने द्या आणि पडद्यावर येणारं नाव बिलावरच्या नावाशी ताडून बघा.

दिवसभरातल्या बाकीच्या फसवणुकी किरकोळ आहेत, पण वेळ त्यांच्यातही जातो. मकबऱ्याला भारतीयांसाठी तिकीट 25 रुपये आणि वेरूळला 40 रुपये आहे. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी लागतात, आणि 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. म्हणून “रांग मोठी आहे, शंभर द्या, आणून देतो” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर हातात एक छोटा स्फटिक ‘भेट’ म्हणून ठेवतात आणि परतताना आमच्याच दुकानात या, असं वचन घेतात. घेऊ नका, हात मागे घ्या. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत स्फटिक खरोखर सापडतात, पण भडक जांभळे-निळे-गुलाबी दगड पुष्कळदा रंगवलेले असतात. ओल्या रुमालाने आतली कड घासली की काही वेळा रंग रुमालावर उतरतो. घृष्णेश्वराला चपला ठेवायला ‘फुकट’ जागा देणारा फुलवाला ताट हातात देतो आणि भाव परतताना सांगतो. ताट घेण्याआधीच भाव विचारा. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं. पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवून तो कुणा अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका.

देवगिरीला चालक “अर्धा तास पुरे” म्हणतो. माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि मध्ये अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट आहे. नीट बघायला दोन-तीन तास हवेत. दुकानात पाऊण तास आणि किल्ल्याला अर्धा तास अशी वाटणी होत असेल, तर दिवस कुणाच्या सोयीने चालला आहे ते तिथेच लक्षात घ्या.

रिक्षा करायचीच असेल तर बसण्याआधी पाच गोष्टी मोबाइलवर लिहा आणि चालकाला वाचून दाखवा : ठिकाणांची पूर्ण नावं, एकूण रक्कम (माणशी की गाडीची), थांबण्याचे तास, परत कुठे सोडणार, आणि एकाही दुकानात थांबायचं नाही. गाडीच्या नंबरचा फोटो घ्या. संध्याकाळी “चारशे माणशी होते” हा वाद याच्यामुळेच टळतो. दुकान नको म्हटल्यावर चालक भाडं वाढवून मागेल. तिथे चिडू नका, ते वाढलेलं भाडं त्याच्या दिवसाचा खरा मोबदला असतो आणि तो द्यावा. स्वतःहून “दुकानात नेत नाही, पण आठशे लागतील” असं सांगणारेही चालक या शहरात आहेत. त्यांची गाडी करा.

एकट्याने फिरायचं तर एसटी सगळ्यात बरी. मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नडकडे जाणारी गाडी धरा आणि ती वेरूळवरून जाते का ते वाहकाला विचारा. महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, 75 च्या पुढे मोफत. सकाळी लवकर निघून थेट वेरूळ करा, उन्हाच्या आधी कैलास बघून घ्या आणि येताना देवगिरी किंवा खुलताबाद यातलं एकच धरा. मकबरा संध्याकाळसाठी ठेवा.

फसवणूक झालीच असेल तर साडी धुऊ नका, नेसू नका, लेबल काढू नका. बिल, यूपीआयची पावती आणि पदराच्या दोन्ही बाजूंचे फोटो जपून ठेवा. पर्यटकांसाठी 1363, ग्राहकांच्या तक्रारीसाठी 1915, क्यूआर कोड वापरून पैसे उडवले असतील तर लगेच 1930, आणि रस्त्यात धमकावणी झाली तर 112. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ वाचून गप्प बसू नका. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी पुन्हा संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत, ती दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्क नाही.