ब्युरोकडून २४ तासाची मावशी : तीन महिन्यांचा अनुभव

आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आम्ही दोघंही नोकरीवाले, त्यामुळे घाईघाईत पुण्यातल्या एका ब्युरोला, म्हणजे घरी राहून आजारी माणसाचं करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या एजन्सीला, फोन केला. नाव लिहीत नाही. दोन दिवसात मावशी आल्या, पन्नाशीच्या, लातूरकडच्या.

मावशींना पैकीच्या पैकी मार्क. आईला कुशीवर वळवताना आधी दोन पायांच्या मधे उशी ठेवायच्या, मग एक हात कंबरेला एक गुडघ्याखाली आणि अगदी सावकाश, आई एकदाही कळवळली नाही. हे ब्युरोने शिकवलेलं नाही, आधीच्या घरी एका आजींचं करता करता त्या शिकल्या.

आता ब्युरोचं. आमच्याकडून महिन्याला २४,००० आणि रजिस्ट्रेशनचे ५,००० वेगळे. दुसऱ्या महिन्यात भाजी निवडताना मावशींनी विचारलं, "ताई, तुमी ब्युरोला किती देता ओ?" मी आकडा सांगितला आणि त्यांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्यांच्या हातात १५,००० पडत होते. म्हणजे दिवसाचे ५००, पण खाडा झाला की कापायचे ७००! पहिला अर्धा पगार डिपॉझिट म्हणून अडकवलेला आणि ओरिजिनल आधार कार्ड ऑफिसात जमा.

मग अ‍ॅग्रीमेंट काढून नीट वाचलं. रिप्लेसमेंट किती, परस्पर बाई ठेवली तर दंड किती, चोरी झाली तर काय, सगळं आहे. सुट्टी, रात्रीची झोप, बाई स्वतः आजारी पडली तर काय, यावर एक ओळ नाही. विचारलं तर म्हणे "२४ तास म्हणजे २४ तासच असतं मॅडम". आई रात्रीतून तीनदा उठायची, म्हणजे मावशीही तीनदा, आणि परत सहाला चहाला हजर. शेवटी आम्हीच ठरवलं, रात्री दोननंतर आम्ही उठायचं आणि रविवार पगारी सुट्टी.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, १८ ते ६० वयात नोंदणी होते, मावशींना हे कोणी सांगितलंच नव्हतं, कामाचा दाखला लागतो तो मी लिहून दिला. पण त्यातून योजना मिळतात, सुट्टी किती पगार किती हे तो कायदा ठरवत नाही. तिकडे फिलिपिन्समध्ये २०१३ पासून लेखी करार, रोज ८ तास विश्रांती, आठवड्याला सलग २४ तास सुट्टी हे सगळं कायद्यात आहे आणि एजन्सीची फी कामवालीकडून घ्यायचीच नाही. ज्या पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप करून संघटना उभी केली तिथे अजून एका बाईला रविवार मागून घ्यावा लागतो, याचा मला खरंच खूप राग येतो.

२ स्टार, तेही माणूस वेळेत पाठवलं म्हणून. तुम्ही ब्युरो लावणार असाल तर फोनवरच विचारा, बाईच्या हातात किती पडतात आणि सुट्टी कधी, उत्तर टाळलं तर सरळ दुसरा ब्युरो बघा. आणि बाईची कागदपत्रं बाईकडेच आहेत ना तेही बघा.

मावशींचं आधार कार्ड तीन चकरा मारल्यावर आणि पोलिसात जाते म्हटल्यावर मिळालं. डिपॉझिटचे ७,५०० अजून बाकी आहेत, दर सोमवारी फोन करतेय.