दोन घोड्यांचा ट्रेलर ओढायला जुना पिकअप: हाफ-टन, पेट्रोल थ्री-क्वार्टर की डिझेल?

मुलगी रायडिंग शिकते, मग घरचा घोडा येतो, आणि त्यानंतर शो असो, ट्रेल असो की डॉक्टरकडे न्यायचं असो, दर वेळी बार्नमधल्या कुणाच्या तरी ट्रेलरमध्ये जागा मागावी लागते. टेक्सास काय, नॉर्थ कॅरोलायना काय, अमेरिकेतल्या ज्या मराठी घरात घोडा आहे तिथे हा विषय केव्हा ना केव्हा निघतोच. ट्रेलर घेणं त्यातल्या त्यात सोपं. तो ओढणारा ट्रक निवडताना मात्र भलेभले चुकतात.

नव्या ट्रकच्या किमती पाहता बहुतेकांची नजर जुन्या बाजाराकडे जाते. तिथे जवळपास सारख्याच पैशांत तीन प्रकारचे ट्रक समोर येतात. पहिला, चार-पाच वर्षांचा देखणा हाफ-टन, म्हणजे पूर्ण आकाराच्या पिकअपमधला हलका वर्ग: फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० किंवा टोयोटा टंड्रा. दुसरा, सात-आठ वर्षांचा, पेट्रोलवर चालणारा साधासुधा थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे त्याहून जड कामाचा वर्ग: एफ-२५०, सिल्व्हराडो २५००एचडी, रॅम २५००. तिसरा, त्याच वर्गातला पण आणखी जुना किंवा जास्त पळालेला डिझेल. टॅकोमा, कोलोरॅडो अशा मधल्या आकाराच्या ट्रकचा विचार दोन घोड्यांसाठी करूच नये.

माझं मत आधीच सांगतो: दोन पूर्ण वाढीचे घोडे आणि बंपर-पुल ट्रेलर (ट्रकच्या मागच्या जोडणीला, म्हणजे हिचला लावायचा) असेल, तर दुसरा प्रकार घ्या. पहिला आणि तिसरा कुणासाठी योग्य आहे, तेही पुढे येईलच.

दारावरचा स्टिकर आधी वाचा

विकणारा पहिलं वाक्य म्हणतो, "हा अकरा हजार पौंड ओढतो." आकडा खोटा नसतो, पण तुमच्या कामाचाही नसतो. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा दाब लिहिलेला पांढरा-पिवळा स्टिकर असतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजनापेक्षा जास्त नको, ते किलो आणि पौंडांत छापलेलं असतं. हा पेलोड. तो त्या एका गाडीपुरता खरा असतो. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या शेजारच्या गाडीचा वेगळा निघतो, कारण सनरूफ, चामड्याच्या सीट, फोर-व्हील-ड्राइव्ह या प्रत्येक गोष्टीचं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं.

आता हिशेब करू. ड्रेसिंग रूम असलेला दोन घोड्यांचा लोखंडी ट्रेलर रिकामा ३,६०० पौंड धरा. प्रत्येकी १,१०० पौंडांचे दोन घोडे, म्हणजे २,२००. खोगीरं, गवत, पाणी, रबरी मॅट मिळून ५००. एकूण ६,३०० पौंड. बंपर-पुल ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे थेट ट्रकवर येतो. याला टंग वेट म्हणतात. इथे ते ८५० पौंड धरू. हे वजन पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे स्वतःचे ९०. घरातली चार माणसं ६००. मागच्या बेडमध्ये, म्हणजे हौद्यात, कूलर, जॅक, अवजारं २००. बेरीज १,७४० पौंड.

चार दारांच्या, फोर-व्हील-ड्राइव्हच्या बऱ्याच हाफ-टन ट्रकच्या स्टिकरवर १,४०० ते १,७०० हा आकडा दिसतो. म्हणजे अकरा हजार ओढण्याची ताकद असलेला ट्रक ६,३०० पौंडांच्या ट्रेलरलाच ओव्हरलोड होतो. नाकापेक्षा मोती जड, ते इथे अक्षरशः. याउलट पेट्रोल थ्री-क्वार्टर-टनच्या स्टिकरवर ३,००० च्या आसपासचा आकडा सहज सापडतो.

ओढण्याच्या आकड्याबद्दल जुना ट्रक घेणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावं. हा आकडा मोजण्याची, वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेची जे२८०७ ही समान पद्धत टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून पाळली. डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्या (फोर्ड, शेव्हरोले, रॅम) २०१५ च्या सुमारास त्यावर आल्या. या पद्धतीत अ‍ॅरिझोनातल्या बुलहेड सिटीकडून वर चढणारा डेव्हिस डॅमचा घाट भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न जाता पार करावा लागतो. त्याआधीच्या वर्षांचे आकडे प्रत्येक कंपनीने आपापल्या मापाने दिलेले. म्हणून २०१२ चा ट्रक आणि २०१८ चा ट्रक यांची जाहिरातीतल्या आकड्यांवरून तुलना करू नका.

आणि ओझं जिवंत आहे. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे ट्रकमधून येतात. तिथे घोड्याचं वजन त्याच गाडीच्या चाकांवर आणि त्याच ब्रेकवर असतं. ट्रेलर मागून ढकलतो. त्यात घोडा उभा असतो, वजन उंचावर असतं, तो पाय आपटतो, एका बाजूला रेलतो. मोठा ट्रेलर-ट्रक शेजारून वेगाने गेला की ट्रेलर डोलतो आणि हलका ट्रक त्याच्यासोबत डोलतो. आत उभ्या असलेल्या जनावराला धरायला काही नसतं. ट्रकचं स्वतःचं वजन, लांब व्हीलबेस, टणक कडांचे एलटी (लाइट ट्रक) टायर आणि मोठे ब्रेक यांचा उपयोग इथे होतो. इंजिनाच्या ताकदीचा नंबर त्यानंतर.

हाफ-टन: कधी चालेल

एक घोडा, किंवा दोन पोनी, किंवा ॲल्युमिनियमचा हलका ट्रेलर, सपाट मुलूख, आणि आठवड्यातले पाच दिवस हाच ट्रक ऑफिसला न्यायचा आहे. असं असेल तर हाफ-टन चांगला. स्टिकरवर किमान १,८०० दिसल्याशिवाय पुढे बोलू नका.

चौघांत घोड्याच्या कामाला मी एफ-१५० पुढे ठेवतो. २०१५ पासून त्याची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, त्यामुळे पेलोड बरा मिळतो. हेवी ड्यूटी पेलोड पॅकेज असलेला सापडला तर २,००० च्या वर जातो, पण तो क्वचित सापडतो. ३.५ लिटर इकोबूस्ट या टर्बो इंजिनाला चढावर दम लागत नाही. २०११ ते २०१६ च्या इंजिनांत टायमिंग चेन ताणली जाण्याची तक्रार होती, २०१७ नंतरच्यांत थंड असताना सुरू केल्यावर कॅम फेझरचा (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या भागाचा) खडखडाट. म्हणून ट्रक पाहायला जाल तेव्हा इंजिन रात्रभर थंड राहिलेलं असावं, अशी अट आधीच घाला. बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

सिल्व्हराडोचं ५.३ लिटर व्ही-८ साधं आणि सुट्या भागांना स्वस्त, पण काही सिलिंडर बंद ठेवून इंधन वाचवणाऱ्या यंत्रणेचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) बिघडतात आणि ते काम महागात पडतं. २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटर इंजिनांवर २०२५ मध्ये रिकॉल निघाला. गाडीचा व्हीआयएन नंबर एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून ते काम झालं आहे का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. रॅम १५०० मागे कॉइल स्प्रिंग असल्याने चालवायला सगळ्यात मऊ, आतून सगळ्यात सुंदर, आणि पेलोडला बहुधा सगळ्यात कमी. मला तो आवडतो, पण घोड्यांसाठी नाही. जुना टंड्रा, म्हणजे २०२१ पर्यंतचा ५.७ लिटर व्ही-८, टिकाऊपणात या सर्वांना मागे टाकतो. पेट्रोल पितो आणि पेलोड बेताचाच. एका घोड्याला उत्तम. मात्र बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतला असेल तर खाली झोपून फ्रेम बघा. २००७ आणि २००८ चे टंड्रा फ्रेमच्या गंजावरून झालेल्या सामूहिक दाव्याच्या तडजोडीत होते.

हाफ-टनच्या हिचवरचा स्टिकरही वाचा. अनेक एफ-१५० वर साध्या हिचला ५,००० पौंडांचीच मर्यादा लिहिलेली असते. त्याहून जड ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच सक्तीची. आपला ट्रेलर ६,३०० चा आहे.

पेट्रोल थ्री-क्वार्टर-टन: माझी निवड

हे ट्रक दिखाऊ नसतात. विजेच्या कंपन्या, नगरपालिका, ठेकेदार यांच्याकडून निघालेले पांढरे, कापडी सीटचे एफ-२५० दर लिलावात असतात, आणि घोडेवाल्याला हवं ते सगळं त्यांत असतं.

एफ-२५० चं ६.२ लिटर व्ही-८ २०११ ते २०२२ पर्यंत चाललं. टर्बो नाही, सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा नाही, सहा गिअरचा दणकट गिअरबॉक्स. एका सिलिंडरला दोन याप्रमाणे सोळा स्पार्क प्लग आहेत, ते बदलले का हे विचारा. नसतील तर किमतीतून तेवढे कापून घ्या. २०२० पासून आलेलं ७.३ लिटर त्याहून सरस, पण त्याचे भाव अजून उतरलेले नाहीत. २०१७ पासून या वर्गातही ॲल्युमिनियम बॉडी आली, म्हणून जमलं तर २०१७ ते २०१९ मधला ६.२ बघा.

सिल्व्हराडो २५००एचडीचं ६.० लिटर, २०१९ पर्यंतचं, ३६० हॉर्सपॉवरचं लोखंडी इंजिन. १५०० मधली लिफ्टरची डोकेदुखी याला नाही. चढावर ओरडतं, हळू जातं, पण पोचवतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे मागचे बोल्ट तुटतात, तेवढं पाहा. २०२० पासूनचं ६.६ पेट्रोल बरंच जोरकस आहे. रॅम २५०० चं ६.४ हेमी ताकदीला फोर्डच्या ६.२ पेक्षा किंचित पुढे. पण २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे ट्रेलर जोडला की मागचा भाग जास्त बसतो. स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) लावून तो उचलता येतो, मात्र त्याने स्टिकरवरचा पेलोड वाढत नाही. हे सांगावं लागतं, कारण विकणारे उलटं सांगतात.

तोटे आहेतच. ट्रेलर जोडल्यावर गॅलनला आठ-दहा मैल. रिकामा असताना खड्ड्यात उडतो. पार्किंगला अवघड. आणि उंचीवर टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. ८,००० फुटांवर जवळपास पाव ताकद गेलेली असते. कोलोरॅडोत आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे ११,००० फुटांच्या वर, नेहमी घोडे न्यायचे असतील तर माझी शिफारस बदलते.

डिझेल: ज्याला खरोखर लागतं त्याला

गूजनेक ट्रेलर (बेडच्या मधोमध जोडला जाणारा), तीन-चार घोडे, राहायची सोय असलेला ट्रेलर, डोंगराळ भाग, वर्षाला हजारो मैल ओढणं. इथे डिझेलला पर्याय नाही. उतारावर इंजिनाचा धूर अडवून गाडी धीमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक तर असा सुखाचा की ब्रेकला पाय क्वचित लागतो, आणि मागचे घोडे शांत उभे राहतात.

पण बंपर-पुलवाल्याने तीन गोष्टी तपासाव्यात. एक, डिझेल इंजिन जड असतं आणि या वर्गातल्या बहुतेक ट्रकचं एकूण परवानगीचं वजन १०,००० पौंडांवर बांधलेलं, म्हणून भारी सजावटीच्या डिझेल २५०० चा पेलोड कधी कधी २,००० च्या आसपासच निघतो. दोन, इंधन पंप. फोर्ड ६.७ मध्ये २०११ पासून, शेव्हरोलेच्या ड्युरामॅक्समध्ये २०११ ते २०१६ आणि रॅम कमिन्समध्ये २०१९-२० ला सीपी४ जातीचा पंप होता. तो फुटला की धातूचा चुरा टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळीकडे जातो आणि दुरुस्ती दहा हजार डॉलरच्या घरात पोचते. २०१७ नंतरचा ड्युरामॅक्स किंवा २०१८ पर्यंतचा ६.७ कमिन्स या बाबतीत निर्धास्त. २००३ ते २००७ चा फोर्ड ६.० स्वस्त दिसतो. त्याच्या हेड गास्केटचं आणि ईजीआर कूलरचं दुखणं सर्वश्रुत आहे, तिकडे फिरकू नका. तीन, आठवडाभर दोन-तीन मैलांच्या फेऱ्या मारल्या तर धुराचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही आणि तुंबतो. यावर उपाय म्हणून कुणी फिल्टर काढून टाकलेला ट्रक विकत असेल, तर तो बेकायदा आहे. तपासणी असलेल्या राज्यात तो नापास होईल.

बघायला गेल्यावर

मैलांइतकेच इंजिनाचे तासही पाहा. फोर्डच्या मीटरमध्ये एकूण तास आणि उभ्या-उभ्या चालू राहिल्याचे तास वेगळे दिसतात. ९०,००० मैल आणि ६,००० तास म्हणजे ताशी सरासरी १५ मैल. असा ट्रक साइटवर तासन्‌तास चालू राहिलेला आहे, आणि त्याचं इंजिन मीटरच्या मैलांपेक्षा बरंच जास्त झिजलेलं आहे. ठेकेदाराच्या ट्रकमध्ये हे हमखास सापडतं, म्हणून भाव त्यावर करा.

बेडच्या मधोमध गूजनेकचं भोक असेल तर तो जड ओढलेला आहे. त्यात गैर काही नाही, पण गिअरबॉक्सचं तेल मग काढून वास घ्यायलाच हवा. हिचची नळी वाकलेली नाही ना, सात पिनांच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज नाही ना, ट्रेलर ब्रेक कंट्रोलर कंपनीचा बसवलेला आहे का, ते पाहा. टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर चकचकीत दिसलं तरी सहा वर्षांपुढचे टायर घोड्यांच्या फेरीला वापरू नका. चार एलटी टायरचा खर्च आधीच बजेटात धरा.

शक्य असेल तर बार्नमधून रिकामा ट्रेलर मागून घ्या, विकणाऱ्याच्या परवानगीने तो जोडा आणि हायवेवर अर्धा तास चालवा. रिकाम्या ट्रेलरलाच ट्रक डोलत असेल, गिअर शोधत असेल किंवा तेलाचं तापमान चढत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो सोडून द्या. असे ट्रक दर आठवड्याला विक्रीला येतात.