विद्यापीठाच्या मुक्त रिपॉझिटरीत स्वतःचे शोधनिबंध ठेवण्याचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षभरात मी माझे नऊ शोधनिबंध आमच्या विद्यापीठाच्या मुक्त रिपॉझिटरीत, म्हणजे सर्वांना मोफत वाचता येईल अशा ऑनलाइन संग्रहात, स्वतः जमा केले. त्यांपैकी सात आज कोणालाही मोफत वाचता येतात, दोन येत नाहीत. सेवा चांगली आहे. मात्र तिचा उपयोग किती होणार, हे संगणकप्रणालीपेक्षा लेखकाने कोणती फाईल जपून ठेवली आहे आणि ग्रंथालयात ती कोण तपासते, यावर जास्त अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे.

रिपॉझिटरी डीस्पेसवर चालते. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये खुली केलेली ही प्रणाली वापरायला सोपी असली, तरी तिचा अर्ज लांबलचक आहे. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक, टाकला की शीर्षक, नियतकालिक आणि अंक आपोआप भरले जातात. लेखकांची नावे मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. माझे नाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसरीत आद्याक्षरांनी आल्यामुळे यादीत मी दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून वावरत होतो. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक जोडल्यावर हा घोळ मिटला.

खरी अडचण आवृत्तीची आहे. पहिल्याच निबंधासाठी मी नियतकालिकाच्या संकेतस्थळावरची देखणी पीडीएफ चढवली आणि दोन दिवसांनी ती ग्रंथालयाकडून परत आली. प्रकाशकाने मांडणी केलेली प्रत सहसा ठेवता येत नाही. तज्ज्ञ-परीक्षणानंतर स्वीकारला गेलेला, पण मांडणी व्हायच्या आधीचा लेखकाचा मसुदा बहुतेक वेळा ठेवता येतो, तोही अनेकदा बारा किंवा चोवीस महिन्यांच्या निर्बंधकाळानंतर; तोवर फाईल वाचकांना बंद असते. कोणते नियतकालिक काय परवानगी देते, हे ओपन पॉलिसी फाइंडर (पूर्वीचे शेर्पा रोमिओ) या संकेतस्थळावर पाहता येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शोधाशोध केल्यावर त्या निबंधाचा मसुदा नियतकालिकाच्या सादरीकरण प्रणालीत, माझ्या जुन्या खात्यात, जसाच्या तसा सापडला. त्यात एका तक्त्यातील एकक चुकीचे होते, कारण ती दुरुस्ती आम्ही मुद्रितशोधनाच्या वेळी केली होती. मसुद्याला हात न लावता नोंदीत तसा खुलासा जोडावा, हा ग्रंथपालांचा सल्ला मला पटला.

ही तपासणी हीच या सेवेची सर्वांत जमेची बाजू आहे. एका निबंधासाठी मी अर्जात आधीच निवडलेला, सर्व प्रकारच्या वापराला मोकळीक देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना तसाच राहू दिला होता. प्रकाशकाची अट व्यावसायिक वापर आणि फेरफार यांना मनाई करणाऱ्या परवान्याची होती. ही चूक ग्रंथालयाने पकडली. प्रणालीने चकार शब्द काढला नव्हता.

निर्बंधकाळ संपण्याची तारीख एकदा नोंदवली की फाईल त्या दिवशी आपोआप खुली होते. तोपर्यंत नोंदीवर ‘प्रत मागवा’ असे बटण दिसते. वाचकाने ते दाबले की विनंती थेट लेखकाच्या ईमेलवर येते आणि पाठवायचे की नाही, हे लेखक ठरवतो. अशा विनंत्या मला आल्या, आणि त्यांतल्या एका वाचकाने निबंध वाचून विचारलेला प्रश्न परीक्षकांच्या प्रश्नांपेक्षा टोकदार होता. प्रत्येक नोंदीला मिळणारा हँडल नावाचा कायमस्वरूपी दुवाही भरवशाचा आहे: मध्यंतरी संकेतस्थळाचे रूप पूर्ण बदलले, तरी जुने दुवे चालूच राहिले.

तक्रारी दोन आहेत. फाईल किती मोठी असावी, याबद्दल अर्जात काहीच सांगितलेले नाही. छायाचित्रांमुळे माझी एक पीडीएफ १४ एमबीची झाली होती आणि ती गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रात काही केल्या दिसेना. तिथली मर्यादा ५ एमबीची आहे, हे मला बाहेरून कळले. दुसरी तक्रार डाउनलोडच्या आकड्यांची. त्यांत यंत्रमानवी भेटी किती आणि माणसे किती, हे कळत नसल्यामुळे बढतीच्या अर्जात ते आकडे लिहिण्याचे धाडस मी करणार नाही.

उरलेल्या दोन निबंधांपैकी एकाचा निर्बंधकाळ संपायचा आहे. दुसऱ्याचा स्वीकृत मसुदा चारही सहलेखकांपैकी कोणाकडेच सापडलेला नाही, त्यामुळे त्याच्या नोंदीत सध्या फक्त गोषवारा आहे.