लॅपटॉपचा हॉटस्पॉट, फोनचा हॉटस्पॉट की सरळ छोटा राउटर?

नवी मुंबईत घणसोली-कोपरखैरणेच्या बाजूला भाड्याने राहणाऱ्या बऱ्याच घरांत नेटची सोय सारखीच असते. केबलवाल्याची लॅनची वायर खिडकीतून आत येते, थेट लॅपटॉपला लागते आणि लॅपटॉपच्या मोबाइल हॉटस्पॉटवर घरातले बाकीचे फोन चालतात. वेगळा खर्च नाही, म्हणून राउटरच्या नादाला कोणी लागत नाही. मग कधीतरी तो हॉटस्पॉट रुसतो. आता तोच दुरुस्त करत बसायचं, फोनच्या हॉटस्पॉटवर भागवायचं की राउटर आणायचा? मी तिन्ही करून बघितलंय. ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे उत्तर बदलेल, हे आधीच मान्य.

सुरुवात लॅपटॉपपासून, कारण सगळ्यात जास्त डोकं तोच खातो.

हॉटस्पॉटचं हे बटण विंडोज १० मध्ये २०१६ च्या अपडेटबरोबर आलं. पण मागे राबणारी, लॅपटॉपचं नेट इतरांना वाटणारी इंटरनेट कनेक्शन शेअरिंगची यंत्रणा विंडोज ९८ च्या सेकंड एडिशनपासूनची आहे. त्यामुळे बिघाड दोन ठिकाणी होऊ शकतो: वायफायच्या बाजूला किंवा या शेअरिंगच्या बाजूला. कुठे झालाय हे ओळखायला फोन पुरतो. फोन हॉटस्पॉटला जोडा आणि वायफायच्या माहितीत नेटवर्कने फोनला दिलेला आकडी पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस बघा. तो १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल, तर हॉटस्पॉटने आपलं काम केलंय. नेट अडकलंय ते पुढे, म्हणजे वायरीत, व्हीपीएनमध्ये (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) किंवा अँटिव्हायरसच्या फायरवॉलमध्ये. फोन ‘आयपी मिळवत आहे’ वरच घुटमळत राहिला, तर शेअरिंगची सर्व्हिस अडकली आहे असं समजा. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत जाऊन ती रिस्टार्ट करा. तेवढ्याने भागलं नाही तर लॅनच्या अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगची टिक काढून, ओके करून पुन्हा लावा. आणि हॉटस्पॉटचं नावच फोनमध्ये दिसत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपवलेली उपकरणं दाखवायला सांगा. तिथे ‘वायफाय डायरेक्ट व्हर्च्युअल अडॅप्टर’ डिसेबल होऊन पडलेला असू शकतो.

एका गोष्टीने मात्र बरेच जण फसतात. नेटवरचा जुना सल्ला वाचून कमांड प्रॉम्प्टमध्ये ड्रायव्हरची माहिती काढतात, तिथे ‘होस्टेड नेटवर्क सपोर्टेड’ पुढे ‘नो’ दिसतं आणि लॅपटॉपला हॉटस्पॉट जमतच नाही असा समज करून घेतात. ते उत्तर विंडोज ७ च्या काळातल्या जुन्या पद्धतीबद्दल असतं. आताचा हॉटस्पॉट उपकरणं थेट एकमेकांना जोडणाऱ्या वायफाय डायरेक्टवर चालतो, त्यामुळे तिथे ‘नो’ असूनही तो सुरळीत चालू शकतो.

वायरऐवजी पीजीचंच वायफाय पुढे वाटत असाल, तर आणखी एक भानगड आहे. लॅपटॉपमधला एकच रेडिओ एका हाताने नेट घेतो आणि दुसऱ्याने देतो. वेग घसरतोच. शिवाय वायफाय पाच गिगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) आणि हॉटस्पॉट २.४ च्या बँडवर, अशी निवड बऱ्याच कार्डांना झेपत नाही. बँड ‘एनी अव्हेलेबल’ ठेवून बघा, बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

कधी कधी दोष आपल्याकडे नसतोही. जून २०२२ च्या विंडोज अपडेटनंतर हॉटस्पॉटला फोन जोडला की लॅपटॉपचंच नेट जायचं. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून पुढच्या अपडेटमध्ये सुधारलं. म्हणून अपडेटच्या दुसऱ्या दिवशी बिघाड झाला, तर सगळं उसकटण्याआधी ते अपडेट काढून बघावं. लॅपटॉप ऑफिसचा असेल आणि हॉटस्पॉटचं बटणच राखाडी झालं असेल, तर तो तुमच्या आयटीवाल्यांचा निर्णय आहे. तिथे खटपट करू नये.

म्हणजे दुरुस्ती जमते. माझा हॉटस्पॉटही दुरुस्त झाला होता आणि व्यवस्थित चालत होता. तरी मी तो सोडला.

कारण तो गुपचूप झोपतो. घरी असं व्हायचं: आई स्वयंपाकघरात फोनवर काहीतरी बघत असायची. मध्येच कुकर लावायला उठली की फोनची स्क्रीन बंद. थोड्या वेळाने फोन बॅटरी वाचवायला वायफाय सोडून द्यायचा. माझा फोन माझ्याबरोबर बाहेर. म्हणजे हॉटस्पॉटला जोडलेलं कोणीच नाही. मग विंडोज काही मिनिटं वाट बघून, कोणाला न सांगता, हॉटस्पॉट बंद करायचं. आईचा फोन पुन्हा उघडला की वायफाय सापडत नाही, म्हणून तो मुकाट मोबाइल डेटावर जायचा. त्याचा पत्ता लागायचा तो ‘आजचा डेटा संपला’ असा मेसेज आल्यावर. मग मला फोन: “अरे, गेलं बघ परत तुझं ते.” मी ऑफिसात बसून काय करणार?

यावर सेटिंग आहे, ठाऊक आहे. हॉटस्पॉटच्याच पानावर ‘पॉवर सेव्हिंग’ बंद करता येतं, आणि ते पहिल्याच दिवशी करून टाकावं. पण त्याने अर्धंच दुखणं जातं. लॅपटॉप स्वतः स्लीपमध्ये गेला की हॉटस्पॉटही गेला, आणि जागा झाल्यावर तो आपोआप सुरू होईलच असं नाही. झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपू नये अशी सोय करता येते, मात्र मग तो दिवसभर चार्जरला लागून गरम होत राहतो. आणि ज्या दिवशी लॅपटॉप पाठीवर टाकून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला गेलात, त्या दिवशी घरचं नेटही तुमच्याबरोबर गाडीत बसतं. हे मात्र कुठल्याच सेटिंगने सुटत नाही.

फोनच्या हॉटस्पॉटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रवासात, मीटिंगच्या आधी, वायर तुटली असताना त्याच्यासारखा दुसरा नाही. वायफायऐवजी यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोन केबलने लॅपटॉपला जोडून नेट द्या: फोन चार्ज होत राहतो आणि गर्दीच्या बिल्डिंगमध्ये वायफायच्या धक्काबुक्कीतून सुटका होते. रोजचं घर त्यावर चालवायचं म्हटलं तर डेटा पुरवून वापरावा लागतो, फोन तापतो आणि तोही तुमच्याबरोबर बाहेर जातोच. बिनवापराचा राहिला की बहुतेक अँड्रॉइड फोनही हॉटस्पॉट बंद करतात. म्हणजे तीच सवय इथेही.

उरला राउटर. हजार-दीड हजारात साधा, दोन्ही बँडचा मिळतो. तो लावताना मात्र एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. वायर लॅपटॉपमधून काढून राउटरला लावली आणि नेट आलंच नाही, असं होऊ शकतं. बरेच केबलवाले जोडणी लॅपटॉपच्या ठरावीक ओळखक्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधून ठेवतात. फोन केला की उत्तर ठरलेलं: “साहेब, मॅक चेंज करावा लागेल, संध्याकाळी करतो.” ती संध्याकाळ कधी येईल याचा नेम नाही. तोवर राउटरच्या पानावर ‘मॅक क्लोन’चा पर्याय शोधा आणि लॅपटॉपचाच अ‍ॅड्रेस त्याला द्या. लॅपटॉपवर युजरनेम-पासवर्ड टाकून नेट सुरू करत असाल तर ती जोडणी पीपीपीओईची असते. ते दोन्ही केबलवाल्याकडून लिहून घ्या आणि राउटरमध्ये भरा. पीजीचं वायफाय एकाच उपकरणाला लॉगिन देत असेल तर ‘विस्प’ मोड (दुसऱ्याचं वायफाय घेऊन पुढे वाटण्याची सोय) असलेला राउटर बघा: एकदा लॉगिन झालं की मागचे सगळे फोन त्यातूनच चालतात. अर्थात मालकाला चालतंय का, ते आधी विचारून.

लॅपटॉपच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. लाइट गेली तर तो बॅटरीवर चालतो आणि राउटर गपकन बंद पडतो. फक्त तेवढ्या भरवशावर ठरवू नका. केबलवाल्याचा जिन्यातला स्विच (घराघरांत नेटच्या वायरी वाटणारा डबा) त्याच लाइटवर चालत असेल, तर लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू राहील, नेट येणार नाही. स्विचला बॅकअप आहे का ते विचारा. असेल, तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यायला हरकत नाही, फक्त राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना, ते बघून.

तुम्ही एकटे राहत असाल, नेट लागतं तेव्हा लॅपटॉप समोर उघडाच असेल, तर राउटर घेऊ नका. वरच्या दोन-तीन सेटिंग करा आणि पैसे वाचवा. घरात दुसरं कोणीही असेल, आणि तुमच्या मागे त्या माणसाला नेट लागत असेल, तर मी तरी लॅपटॉपच्या दुरुस्तीत रविवार घालवणार नाही. राउटर घेतलात की हॉटस्पॉटचं जुनं नाव आणि जुनाच पासवर्ड त्याला द्या. सुरक्षेचा प्रकारही सारखा असला की घरातले फोन बहुतेक आपसूक जोडले जातात आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये पासवर्ड टाकत बसायला लागत नाही.