विंडोज सर्व्हर बॅकअप: एक्सचेंज डॅगला कितपत पुरतो?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांना परदेशी ऑर्डरींचा मेल बंद पडणं परवडत नाही. तिथं एक्सचेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचा दोन सर्व्हरचा डॅग (एकाच मेल-डेटाबेसच्या प्रती ठेवणारा सर्व्हरांचा गट) असेल, तर विंडोज सर्व्हर बॅकअप हे फुकटचं साधन चालतं, पण मर्यादा ओळखूनच. बॅकअप फक्त अ‍ॅक्टिव्ह कॉपीचा, म्हणजे त्या वेळी वापरात असलेल्या प्रतीचा होतो; दुसऱ्या सर्व्हरवरच्या राखीव, म्हणजे पॅसिव्ह कॉपीचा नाही. फेलओव्हरनंतर (एक सर्व्हर पडून दुसऱ्यानं काम घेतल्यावर) डेटाबेस दुसरीकडे गेला की जुन्या सर्व्हरवरचा बॅकअपचा जॉब त्याला धरत नाही; जॉब दोन्हीकडे लावाच.

खरी कसोटी रिस्टोअरची. मूळ जागी केलं तर बॅकअपमधले सगळे डेटाबेस परत येतात, हवा तो एकच निवडता येत नाही. म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. काढलेली डेटाबेस फाइल 'डर्टी शटडाउन'मध्ये, म्हणजे अपुऱ्या अवस्थेत असते, कारण बरेच व्यवहार अजून लॉगमध्येच (बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइलींत) असतात. ईएसईयुटिल (eseutil) या एक्सचेंजच्या डेटाबेस-कमांडला /एमएच (/mh) लावून तपासा, /आर (/r) लावून लॉग चढवा. /पी (/p), म्हणजे दुरुस्ती, शक्यतो टाळाच. खराब पानं ती काढून टाकते, मेल कायमचे जातात. 'क्लीन शटडाउन' दिसल्यावर ती फाइल रिकव्हरी डेटाबेस (फक्त डेटा परत काढण्यापुरता वेगळा डेटाबेस) म्हणून माउंट, म्हणजे सुरू करा आणि न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्ट (New-MailboxRestoreRequest) या कमांडने हवी ती मेलबॉक्स परत भरा. रिकव्हरी डेटाबेसची डॅगमध्ये प्रत होत नाही, आणि एका सर्व्हरवर एका वेळी एकच माउंट होतो.

मेलबॉक्स थोड्या असतील तर पुरेसं आहे. मोठ्या कारखान्यानं पॅसिव्ह कॉपीचा बॅकअप घेणारं विकतचं साधन घ्यावं.