जीएनयू मेक : आठ महिने वापरलं, दोन स्पेसनी घात केला

सोलापूरची गड्डा यात्रा सुरू, घरचे सगळे होम मैदानावर पाळण्यात, आणि मी लॅपटॉपसमोर डोकं धरून. जीएनयू मेक म्हणजे सी कोडपासून चालणारा प्रोग्रॅम आपोआप बांधून देणारं टूल. त्याला मेक क्लीन (जुन्या तयार फाइली पुसायची आज्ञा) दिलं आणि बिल्ड फोल्डर मुळासकट गेलं. कारखान्यांना दिलेल्या पिक काउंटरच्या (मागावर विणलेले आडवे धागे मोजणारा बोर्ड) पाच हेक्स फाइली, म्हणजे बोर्डात भरायचे तयार प्रोग्रॅम, त्यातच होत्या. (तिथं ठेवायच्या नसतात, माहीत आहे. नका सांगू.)

झालं काय, तर मेकफाइलमध्ये (मेकसाठीच्या सूचनांची फाइल) मी लिहिलं होतं, आउट = बिल्ड, मग दोन स्पेस, मग # आणि माझी टीप. # पासून पुढचं मेक टाकून देतं, पण त्याआधीच्या स्पेस व्हेरिएबलच्या पोटात राहतात. = च्या लगेच पुढच्या स्पेस मात्र बरोबर गाळतं! त्यामुळे पुसायच्या ओळीतल्या $(आउट)/*.ओ चं शेलला (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) मिळालं ‘बिल्ड  /*.ओ’. एकाचे दोन झाले आणि आरएम -आरएफ या न विचारता पुसणाऱ्या आज्ञेनं पहिलं अख्खं गिळलं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, म्हणजे चूक माझीच. राग जात नाही तो नाहीच. मूळ मेक 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं गेलं, एवढ्या वर्षांत एक इशारा द्यायला काय जातं?

बाकी तक्रार नव्हती. सुरुवातीला आवृत्ती = $(शेल डेट) ठेवलं होतं, म्हणजे आवृत्तीचा नंबर त्या क्षणाच्या तारीख-वेळेवरून. = मधली उजवी बाजू दर वापराला नव्यानं उलगडते, म्हणून प्रत्येक सी फाइलला वेगळा सेकंद. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मालकांनी विचारलं, “काय ओ, चालू करताना एक नंबर, मेनूत दुसरा. खरा कुठला?” मी अर्धा दिवस बोर्डाला शिव्या घातल्या. := केलं, नंबर एकदाच ठरला.

माग ?= 8 (बाहेरून आकडा दिला नाही तर 8 माग धर) तर फारच आवडलं. मोठ्या कारखान्यासाठी नुसतं मेक माग=24. फाइल एकच, खर्च शून्य.

इथवर लिहून पाच तारे देणार होतो. काल साइज कमी करायला कमांडवरच सीफ्लॅग्ज=-ओएस (कंपायलरला कोड लहान कर असं सांगणं) दिलं, तर फाइलमधलं सीफ्लॅग्ज += (त्यात भर घालणारी ओळ) मुकाट्यानं बाद. तिथूनच मागांची संख्या जायची, ती गेली. कोडमधला डिफॉल्ट लागून 24 मागांचा बोर्ड 8 दाखवायला लागला. फाइलमध्ये त्या ओळीआधी ओव्हरराइड लिहिलं तरच ऐकतं म्हणे. तीन तारे.

आता टीप वेगळ्या ओळीवर लिहितो, आणि $(इन्फो [$(आउट)]) टाकून कंसात स्पेस दिसते का बघतो. तीन हेक्स बोर्डांवरून परत वाचून काढल्या. दोन राहिल्यात. त्यातले एक मालक म्हणतात, चादरीची ऑर्डर आहे, माग थांबणार नाही, पुढच्या महिन्यात या.